बाबांची बुद्धी चार निघाली

आमच्या मारेगावच्या घरात तीन मराठ्या नांदत होत्या आणि तिघींचं आपसात फारसं पटत नव्हतं. पहिली बाबांची. बाबा हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि घरीही तीच बोलायचे, पूर्णविरामासकट. दुसरी आईची, म्हणजे अस्सल वऱ्हाडी, जी ती शेजारणींशी, भाजीवाल्याशी, चुलीशी आणि गोठ्यातल्या एकुलत्या एक बकरीशी बोलायची. तिसरी मराठी बाबा घरात असताना आई बोलायची ती. तिची सुरुवात बाबांची असे आणि शेवट आईचा. “अहो, भात टाकू का, की मंग भाकरच खाऊन घेता?” असं काहीतरी. आम्हा पोरांच्या तोंडून जेवताना ‘मले’ निघालं की बाबा घास खाली ठेवायचे आणि ताटाकडे बघत म्हणायचे, “मला.” आम्ही ‘मला’ म्हटलं की घास वर. आई म्हणायची, “मला म्हणा की मले म्हणा, बेसन तेच हाये.” बेसन म्हणजे पिठलं. हे मी पुण्याच्या सुनेसाठी लिहून ठेवते आहे, नाहीतर ती लाडूच समजेल.

बाबांना दोष देत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा लहान होते, आणि घरातलं पहिलं पुस्तक त्यांनीच वाचलं. ती भाषा त्यांनी एकेक शब्द करून मिळवली होती. मिळवलेली वस्तू माणूस जपूनच वापरतो. आमच्याकडे दर रविवारी सकाळी वंदना व्हायची, मग आलूचे पोहे, मग बाबा रेडिओच्या बातम्या ऐकायचे आणि निवेदकाच्या चुका काढायचे. मागच्या दिवसांबद्दल घरात कोणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. “मागचं मागे,” एवढंच ते म्हणायचे. त्यामुळे आपले पणजोबा काय करत होते, कुठे राहत होते, हे मला कधी नीट कळलंच नाही. फक्त बाबांची म्हातारी चंद्रभागामावशी कधीमधी मुक्कामाला यायची, ती नियमबियम जुमानायची नाही. पण ती सगळं असं हसत सांगायची की मला वाटायचं, मजेचेच दिवस असतील ते.

अशा घरात शेवंता राहायला आली. तिचे वडील हिरामणकाका यांचा तांडा मारेगावपासून सात-आठ मैलांवर होता आणि तिकडे सातवीपुढे शाळा नव्हती. सातवीत ती केंद्रात पहिली आली हे बाबांना कुठूनतरी समजलं, आणि बाबा सायकलवर तांड्यात जाऊन हिरामणकाकांना दोनदा रागावून आले. तिसऱ्यांदा जायची पाळी आली नाही. जूनमध्ये काका स्वतःच बैलबंडी जुंपून आले. बंडीत एक पत्र्याची पेटी, अर्धं पोतं तुरीची डाळ आणि डाळीला टेकून शेवंता. “गुरुजी, पोरगी ठेवून घ्या,” काका म्हणाले, “पण तिच्या याडीची एक अट हाये.” याडी म्हणजे आई. शेवंताच्या याडीचं म्हणणं असं होतं की पोरगी सहामाहीत पास झाली तर पुढचं बघू. नापास झाली तर दिवाळीत ती घरी. कापूस फुटलेला असतो, वेचायला हात लागतात आणि पाहुणेही पोरीला बघून गेले आहेत. काका मऊ माणूस होते, पण त्यांच्या घरात शब्द याडीचा चालायचा. बाबा म्हणाले, “मान्य.” बाबांना वाटलं असावं, पास होणं यात काय कठीण आहे?

कठीण हे होतं की शेवंता बोलायचीच नाही. आमच्या घरात पहिल्या महिन्यात ती चारच शब्द बोलली असेल, हाव, नाही, झालं आणि जेवली. गणितात पैकीच्या पैकी. मराठीच्या तासाला बाबांनी उभं केलं की ही पोरगी बाकाच्या कडेला बोटं घट्ट धरून उभी, तोंडातून हूं नाही की चूं नाही. आम्ही दोघी एकाच वर्गात आणि एकाच बाकावर, त्यामुळे मला तिच्या बोटांची नखं पांढरी पडलेली दिसायची. तिच्या घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा. बाजारात ती वऱ्हाडी ऐकून आलेली. पण बाबांच्या मराठीत चूक झाली तर पोरं हसतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. तोंडी परीक्षेला गुण होते आणि तोंडीत शून्य मिळालं तर लेखी कितीही चांगली जाऊन उपयोग नव्हता. बाबांना दया येत नव्हती असं नाही, पण त्यांचं एकच पालुपद. “ती माझ्या घरी राहते, म्हणून तर मी तिला एकही गुण जास्तीचा देणार नाही. लोक काय म्हणतील?” आई म्हणायची, “लोक काही म्हणत नाहीत, लोकाइले आपापलं पडलं हाये.”

पोळ्याच्या सुटीत नागपूरला शिकणारा माझा दादा घरी आला आणि त्याने हॉस्टेलमधून एक खेळ आणला. खेळ म्हणजे काय, तर झेरॉक्स काढलेली शे-दीडशे पानं, तीही इंग्रजी, आणि निम्मी तिरपी आलेली. कोण्या मुलाच्या अमेरिकेतल्या मामाकडून फिरत फिरत ती आली होती. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकाने जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. तुझ्यासमोर नदी आहे, पलीकडे शिपाई आहेत, बोल, काय करतोस? मग तो जे म्हणेल ते जमलं की नाही हे फाशावर ठरायचं. वीस बाजूंचा फासा लागायचा. मारेगावात वीस बाजूंची एकही वस्तू मिळाली नाही, म्हणून आम्ही चिंचोक्यांवर एक ते वीस आकडे कोरून डालड्याच्या डब्यात टाकले. डबा हलवायचा, डोळे मिटून एक काढायचा. दादा चार दिवसांनी परत गेला आणि जग सांगायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकात सांगणाऱ्याला मास्तर म्हटलं होतं, त्यामुळे घरात आता दोन मास्तर झाले, आणि दुसऱ्या मास्तरचा रुबाब पहिल्यापेक्षा जास्त होता असं आईचं मत.

पुस्तकात बुटके लोक होते, लांब कानांचे लोक होते, आग ओकणारी जनावरं होती. ती सगळी आम्ही सोडून दिली. लांब कानवाले सकाळी काय खातात, पाहुणा आला की काय म्हणतात, हे आम्हाला कुठे माहीत? माणसांचं प्रकरण मात्र आम्हाला फार आवडलं. त्यात लिहिलं होतं की त्या जगात माणसांच्या पुष्कळ जाती आहेत, प्रत्येकीची भाषा वेगळी, देव वेगळे, रीतीभाती वेगळ्या, आणि सगळ्यांना समजेल अशी एक सामाईक भाषा आहे. हे वाचून शेजारचा पप्या म्हणाला, “अबे, हे तं आपल्या मंगळवारच्या बाजाराचं लिहिलं हाये.” पप्याचे वडील एस.टी.त कंडक्टर होते आणि पप्याला अर्ध्या जिल्ह्याची माहिती तिकिटाच्या दरासकट होती.

मग आम्ही शाळेतल्या एका फाटक्या नकाशाच्या पाठीवर आमचं जग काढलं. वायव्येला नेरीय लोक, जे पप्याने आपल्या नेरच्या मावशीवरून बनवले. नेरीयांचा देव एकच, लाल रंगाचा, वेळेवर कधी न येणारा, आणि दोन नेरीय भेटले की नमस्काराऐवजी “गेली का?” असं विचारत. पूर्वेला खाणवाले, कोळशाने पापण्यासुद्धा काळ्या झालेले, ओरडून हिंदी बोलणारे आणि कर्जाऊ मागितलं तर अंगातला सदरा काढून देणारे. पश्चिमेला लांब, डोंगराच्या वर, घाटावरचे. ते चहा देण्याआधी “चहा घेणार का?” असं विचारायचे, म्हणून बाकीच्या जगात त्यांना थोडं घाबरून असत. झरी जामणीकडच्या रानातले लोक आम्ही रिकामेच ठेवले, कारण तिकडे आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं, आणि शेवंता म्हणाली, “पाह्यलं नाही तं लिहू नोका.” हे तिचं आमच्या घरातलं पहिलं पूर्ण वाक्य.

शेवंताने स्वतःचे लोक बनवले, मीठवाले. बैलांच्या पाठीवर मीठ लादून ते या टोकाचं त्या टोकाला नेत. त्यांची भाषा म्हणजे सरळ गोरबोली होती, तिने त्यात काहीही बदल केला नाही. आणि काय बोलायची! खेळात ती म्हातारी तांडेवाली व्हायची, खाणवाल्यांशी भावात भांडायची, नेरीयांना टोमणे मारायची, पप्याच्या सरदाराला तिने एकदा असं झापलं की तो खरंच रुसून घरी गेला. अंगणातल्या लिंबाखाली शाळा सुटल्यावर आमचा डाव बसायचा, पलीकडे जिनिंगची घरघर, आतून फोडणीचा वास, आणि मध्ये ही मुकी पोरगी मैनेसारखी चालू. एक अडचण तेवढी आली. पुस्तकाचा नियम होता की ज्याची बुद्धी जास्त त्याला भाषा जास्त. शेवंता बोटं मोजत म्हणाली, “आमच्या याडीले गोरबोली येते, वऱ्हाडी येते, हिंदी येते, बाजारापुरती तेलुगू येते, अन् रानातल्या कोलामाइशी बोलते थेही थोडी येते.” म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने तालुक्यात सगळ्यात हुशार बाई शेवंताची याडी निघाली, जिला सही येत नव्हती. आणि माझे बाबा खालून दुसरे. सगळ्यात खाली कोण ते लिहीत नाही, ते गृहस्थ तेव्हा मोठे अधिकारी होते.

माझा नातू आता संगणकावर असले खेळ खेळतो. परवा मला म्हणाला, “आजी, यातल्या भाषा तज्ज्ञांनी बसून तयार केल्यात, व्याकरणासकट.” मी म्हटलं, “आमच्याकडे पप्या होता.”

बाबांना हा खेळ मुळीच आवडला नाही. सप्टेंबरच्या चाचणीत शेवंता मराठीच्या तोंडीत पुन्हा मुकी उभी राहिली आणि त्याच संध्याकाळी लिंबाखाली तिचं तोंड फाट्यावरच्या भोंग्यासारखं चालू असलेलं बाबांनी ऐकलं. त्यांनी हिशेब मांडला. जी ताकद मराठीत लागायला हवी ती या चिंचोक्यांत चालली आहे. “सहामाहीला तीन आठवडे राहिले आहेत,” ते म्हणाले. “ती नापास झाली तर तिचे वडील बंडी घेऊन दारात उभे राहतील. मी त्यांना काय सांगू? तुमची मुलगी मीठ विकत होती?” मी चिडून म्हणाले, “ती फक्त इथेच बोलते, बाबा! हा खेळ बंद केला तर ती अजिबात बोलणार नाही.” बाबांशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. शेवंता दारामागे उभी होती. आईने आतून आवाज दिला, “काहून भांडून राह्यले बापलेक? आधी खेळ पाहून तं घ्या, मंग बंद करा.” बाबा न्यायी माणूस. न पाहिलेल्या गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, हे ते वर्गात शिकवायचे. “ठीक आहे,” म्हणाले. “रविवारी मी बसतो.”

रविवारी वंदना झाली, पोहे झाले, आणि बाबा इस्त्रीचा पायजमा घालून लिंबाखाली चटईवर येऊन बसले. पप्याच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं देव जाणे. डबा पुढे करून म्हणाला, “गुरुजी, आधी बुद्धी काढा.” बाबांनी डोळे मिटून चिंचोका काढला. चार. वीसपैकी चार! पप्याने तोंडात सदऱ्याचं टोक कोंबलं, आई पदराआड हसली. बाबांनी चिंचोका उलटून पाहिला, दुसऱ्या बाजूला काही जास्त लिहिलं आहे का. मी मास्तरच्या गंभीरपणाने सांगितलं, चार म्हणजे तुम्हाला एकच भाषा, कोणती ती निवडा. सामाईक भाषा घेतली असती तर कुठेही निभावलं असतं. ती आमच्या जगात वऱ्हाडीच होती, तसं आम्ही मतदान घेऊन ठरवलं होतं. बाबांनी यादी पाहिली, चष्मा पुसला, आणि घाटावरची निवडली. शुद्ध आहे म्हणून! आणि आमचा कडक नियम असा की ज्या गावची भाषा येत नाही त्या गावात तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की पात्र मेलं.

तर असे बाबा, जिल्ह्यात वक्तृत्वाचे परीक्षक म्हणून बोलावले जाणारे, दोन तास मुके फिरले. नेरीयांनी त्यांना भलत्याच गाडीत बसवलं. खाणवाल्यांनी त्यांना चोर समजून कोंडलं आणि ते हातवारे करत राहिले. नंतर शेवंताच्या मीठवाल्यांनी त्यांना सोडवून बैलावर बसवून आणलं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि पप्याने बोट वर करताच मिटलं. मला मनातून फार मजा येत होती हे कबूल करते. मग मी त्यांना माझ्या लाडक्या शहरात आणलं, शुभ्रनगरात. ते मी एकटीने बनवलेलं. कापसासारखे पांढरे महाल, थोर लोक, आणि पाहुण्याच्या स्वागताची अशी एक रीत, की जी जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. ती मला चंद्रभागामावशीने सांगितली होती. पाटलाच्या वाड्यासमोर आपण खाली बसायचं, ओंजळ धरायची, आणि पाटलीणबाई ओट्यावरून, उंचावरून पाण्याची धार सोडायच्या. “मी अशी ओंजळ धरो का एक थेंब सांडत नव्हता,” मावशी हसून सांगायची. बारा-तेरा वर्षांची मी, मला वाटलं काय हा मान! घरी तांब्या-पेला कोणालाही देतात, पण उंचावरून धार म्हणजे राजेशाही.

मी शुभ्रनगरची राणी झाले, स्टुलावर चढले आणि खरा तांब्या भरून घेतला. म्हणाले, “पाहुणे, आमच्या थोर रीतीप्रमाणे खाली बसा आणि ओंजळ करा.” बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं, नियम होता. मी म्हणाले, “आणखी थोडं वाकावं लागतं, पाहुणे. भांडं हाताला लागता कामा नये.” आणि बाबा बसले. त्यांनी ओंजळ केली. मी धार सोडली. तशी ओंजळ मी कधी पाहिली नव्हती. मनगटं जुळलेली, बोटांत फट नाही, एक थेंब खाली पडला नाही. ती त्यांनी शिकलेलीच होती, त्यांच्या हातांना ती येत होती. पण ते पाणी पीत नव्हते. नुसतं ओंजळीत धरून बसले होते आणि त्यांची मान वर येत नव्हती. आई भज्यांची परात घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. “रंजे,” ती म्हणाली, “खाली उतर. उतर म्हणते ना!” या आवाजात आईने मला आधी कधी हाक मारली नव्हती. काय चुकलं ते मला समजेना. मी तशीच तांब्या धरून उभी.

शेवंता उठली. माझ्या हातातून तिने तांब्या ओढूनच घेतला. “असं नसते देत,” ती मला म्हणाली, मोठ्याने, “मिठाच्या तांड्यात पाव्हण्याले असं नसते देत! आमच्यात तांब्या हातात देतात, मंग पाव्हणा पितो, मंग उरलं थे आम्ही पितो.” आणि बाबांसमोर बसून, तांब्या त्यांच्या हातात ठेवून गोरबोलीत म्हणाली, “आव भिया, बेस. पाणी पी.” ये भाऊ, बस, पाणी पी. बाबांच्या ओंजळीतलं पाणी चटईवर सांडलं. त्यांनी तांब्या धरला, तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, “लय तहान लागली होती वं माय.”

बाबा वऱ्हाडी बोलले. आईने परात खाली ठेवली. मी जन्मल्यापासून बाबांच्या तोंडून तसा शब्द ऐकला नव्हता. मग पप्या, ज्याला यातलं काही कळलं नव्हतं, जोरात ओरडला, “गुरुजी बोलले! गुरुजी मेले!” बाबा डोळे पुसत म्हणाले, “मेलो तं मेलो बाप्पा,” आणि त्यांनी परातीतलं एक भजं उचललं.

ऊन उतरल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं. फार नाही सांगितलं. सात वर्षांचे असताना उन्हाळ्यात ते मावशीबरोबर सरपण विकायला जात, तिथली ती धार. कधी लवकर यायची, कधी तासभर बसल्यावर यायची, कधी कोणी पोरगं मुद्दाम डोक्यावर सोडायचं. “तो मान नव्हता, रंजना,” ते म्हणाले. मी इतकी रडले की मला उचकी लागली. मी माझ्या बापाला त्या जागी पुन्हा बसवलं होतं, तेही हसत, तेही स्टुलावर चढून. मी शुभ्रनगर लिहिलेली खेळाची वही फाडायला घेतली. बाबांनी ती काढून घेतली आणि शुभ्रनगरचं पान उघडून लाल पेन्सिलने ‘थोर’ या शब्दाभोवती गोल केला. “फाडू नकोस. अशी रीत असलेली माणसं होती, ते लिहिलेलं असू दे. हा शब्द तेवढा चुकला आहे,” म्हणाले. जाता जाता त्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या सहा चुकाही काढल्या. आपण मागचं कधी सांगितलं नाही, म्हणून पोरीला ते असं सापडलं, हे ते आईजवळ बोलल्याचं मी ऐकलं.

सहामाहीची तोंडी आली. ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी मुख्याध्यापक झालो तर’, आमचे नेहमीचे विषय. शेवंताचं नाव आलं आणि ती बाकाची कड धरून उभी राहिली. बाबांनी यादी बाजूला ठेवली. “तुमच्या तांड्यात पाहुणा आला की काय करतात ते सांग,” ते म्हणाले. “जी भाषा आधी येईल तिच्यात सुरू कर. मराठीपर्यंत सावकाश ये.” ती गोरबोलीत सुरू झाली. मागच्या बाकावर पोरं खिदळली. बाबा म्हणाले, “जे हसले त्यांनी उभं राहून तिचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवा.” कोणी उठलं नाही. ती बोलत राहिली, गोरबोलीतून वऱ्हाडीत आली, वऱ्हाडीतून अडखळत बाबांच्या मराठीत, आणि घंटा झाली तरी तिचा पाहुणा अजून जेवायचाच होता. मराठीत तिला छत्तीस गुण पडले. पस्तीसला पास. मी बाबांना म्हटलं, एवढं बोलली ती, चाळीस तरी द्यायचे! बाबा म्हणाले, “लिंग चुकलं चार ठिकाणी.”

दिवाळीच्या सुटीच्या पहिल्या दिवशी हिरामणकाका बंडी घेऊन आले. बाबांनी त्यांना गुण सांगितले. काकांना आनंद झाला, पण त्यांनी डोकं खाजवलं. “पास झाली थे बरंच झालं गुरुजी. पण तिच्या याडीनं सांगतलं हाये, कापूस पुरा फुटला, माणसं भेटून नाही राह्यले. पोरगी पाह्यजेच. अन् एकडाव आली का मंग...” पुढचं आम्हाला समजलं, पाहुणे पोरीला बघून गेलेलेच होते. शेवंता पेटीवर बसून होती. बाबा अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, “सुटी पंधरा दिवसांची आहे. आम्ही सगळे येतो वेचायला.” आई म्हणाली, “तुम्ही?” आणि इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. पण तिनेच भाकरी बांधल्या, बकरी पप्याच्या आईकडे दिली, आणि आम्ही चौघं हिरामणकाकांच्या बंडीत बसून तांड्यात गेलो.

याडीने आमचं स्वागत केलं, पण तिचा चेहरा कोरा होता. कपाळापर्यंत पदर, दंडापर्यंत बांगड्या, आणि सगळं बघणारे डोळे. तिला वऱ्हाडी उत्तम येत होती, पण आमच्याशी ती हट्टाने गोरबोलीच बोलायची. माझ्या पोरीला तुमच्या घरी मुकं बसावं लागलं, आता तुम्ही बसा, असं तिच्या मनात असावं, आणि मला तिचा राग आला नाही. आई दोन दिवसांत सराईत झाली, माझी बोटं बोंडांच्या कडांनी सोलवटली. बाबांचं विचारू नका. ते वह्या तपासाव्यात तसा कापूस वेचायचे. एक बोंड घ्यायचं, फिरवून पाहायचं, पाल्याचा कण, काडीचा कण, सगळं निवडून काढायचं आणि मग ओटीत टाकायचं. शेवंताच्या दोन ओळी झाल्या तरी बाबा अजून पहिल्या ओळीच्या पाचव्या झाडाशी. त्यांची पाठ धरली, उन्हाने मान सोलली, पण पंधरा दिवसांत एकदाही ते बांधावर बसले नाहीत. याडी लांबून बघायची.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी आपापला कापूस एका अंथरलेल्या धडप्यावर ओतला. बाबांचा ढीग एवढासा, पण दुधासारखा स्वच्छ. याडी त्याच्याजवळ उकिडवी बसली, हात घालून कापूस वर-खाली केला, बाबांच्या सोललेल्या मानेकडे पाहिलं, आणि गोरबोलीत बरंच काही बोलली. हिरामणकाका चपापून दुसरीकडे बघायला लागले. शेवंता तोंडावर हात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा ओणवेच, त्यांना सरळ होता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “काय म्हणून राह्यली तुही याडी?”

शेवंता म्हणाली, “याडी म्हणते, गुरुजीले कापूस वेचता येत नाही. त्याइनं शिकवाचंच काम करावं. अन् ही पोट्टीही संगंच घेऊन जावं.”